रेडेकर तयार आहे

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रेडेकरने तीन वर्षांत मला एकदाही स्वतःच्या हाताने दार उघडू दिलं नाही. मी बिल्डिंगच्या दाराशी उभा राहून खिशात किल्ली चाचपतोय, तोवर आतून दार उघडलेलं असायचं आणि भिंतीला पाठ चिकटवून, एका हाताने दार धरून, हा सहा फुटांहून उंच माणूस उभा. मी आत शिरलो की दार बंद. तेही धाडकन नाही, कडी नीट बसल्याचा आवाज कान देऊन ऐकत. बेकरीत तेच, ट्रामच्या थांब्यावरही तेच. ट्रामची दारं बटण दाबलं की आपली आपण उघडतात, पण हा बटण दाबून बाजूला सरायचा आणि सगळ्यांना आधी चढू द्यायचा. एकदा सगळे चढले, दार बंद झालं आणि रेडेकर खालीच राहिला. त्याला त्याचं काही वाटलं नाही, मला मात्र आतून त्याच्याकडे बघताना उगाच अपराधी वाटत राहिलं.

हे सगळं ब्राउनश्वाइगमधलं, दोन हजार चार सालच्या आसपासचं. आम्ही नवीन घरात राहायला गेलो तेव्हा घंटांच्या पाटीवर ‘रेडेकर’ हे नाव वाचून माझी बायको मेधा इतकी हरखली की विचारू नका. रेडेकर म्हणजे आजऱ्याकडचे असणार, असं तिने परस्पर ठरवलं आणि दिवाळीच्या चकल्या घेऊन वर गेली. दार उघडलं एका पिवळ्या केसांच्या धिप्पाड जर्मनाने. मेधा मराठीत ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ म्हणून बसली होती, त्यामुळे माघार घेता येईना. त्याने ताटली घेतली, उभ्याउभ्या सगळ्या चकल्या खाल्ल्या, ताटली धुऊन परत दिली आणि म्हणाला, “इश बिन बेराइट.” म्हणजे, मी तयार आहे. कशाला तयार आहे हे मेधाला कळलं नाही. मला विचारलं, तर मलाही सांगता येईना.

पुढे कळलं की तो हे वाक्य कुठेही वापरतो. कसा आहेस, तर बेराइट. पाऊस पडेल का, तर पडू दे, मी बेराइट. मी सुरुवातीला त्याला बिल्डिंगची देखभाल करणारा माणूसच समजत होतो. जिन्यातला दिवा गेल्याची तक्रार मी त्याच्याकडेच केली. त्याने मुकाट्याने दिवा बदलला.

त्याचा खरा धंदा उघडकीला आला तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत. तिथे एके दिवशी दोन गाद्या टांगलेल्या होत्या आणि त्यांना असा वास येत होता की मेधा ओले कपडे तसेच घेऊन वर आली. त्या गाद्या नव्हत्या, पायाला बांधायची पॅडं होती. रेडेकर आइसहॉकी खेळत होता. पोटापाण्यासाठी, पगार घेऊन. तासाभरावरच्या गावात दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला एक क्लब होता, त्याचा हा गोलकीपर.

मी मॅच बघायला गेलो आणि अधिकच गोंधळून परत आलो. हॉकी म्हणजे गवत, हॉकी म्हणजे आपण, अशा समजुतीत मी वाढलेला. इथे बर्फावर माणसं एकमेकांना फळ्यांवर आदळत होती आणि पंच ते कौतुकाने बघत होता. दर मिनिटाला खेळाडू बदलत होते. कोणी बाद झालेलं नव्हतं, कोणाला लागलेलं नव्हतं, तरी बदलत होते. खेळ ज्या काळ्या चकतीने चालतो तिला पक म्हणतात. ती मला पहिल्यांदा नीट दिसली मॅच संपल्यावर, बाहेरच्या दुकानात. आणि आमचा रेडेकर? तो चिलखत घालून, शिरस्त्राण मांडीवर ठेवून, बाकाच्या टोकाला बसला होता. बाकाशेजारी मैदानात उघडणारं एक छोटं दार होतं. खेळाडू आला की रेडेकर दार उघडी, दुसरा बाहेर पडला की लावून घेई. अख्खी मॅच त्याने हेच केलं.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, “तुम्ही खेळला नाहीत?”

“आल्झो, म्हणजे असं बघा, मी दुसरा गोलकीपर,” तो म्हणाला. “पहिल्याला काही झालं तर मी.”

असं तो सतरा वर्षं करत होता, नऊ गावांत. मधूनमधून कधी पहिल्याला ताप यायचा, कधी मॅच इतकी हातची गेलेली असायची की याला शेवटची दहा मिनिटं उभं करायचे. बाकी नुसतं तयार राहणं. गावंही त्याला दारांवरून आठवत. अमुक गावी दार आतल्या बाजूला उघडायचं, तमुक गावी कडी थंडीने आखडायची. आता योगायोग असा की मी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांवर काम करणारा इंजिनिअर. त्यामुळे आमची जमली. जिन्यात उभं राहून आम्ही कडी-कोयंड्यावर तासतासभर बोलायचो. त्याच्या कारकिर्दीत रस घेणारा मी बहुधा एकटाच होतो. त्यानेच मला एकदा सांगितलं की आता छत्तिशी आली, करार एप्रिलपर्यंतचा आहे, आणि या मोसमात बर्फावर दिसलो नाही तर पुढे कुठलाही क्लब मला दारात उभं करणार नाही.

नोव्हेंबरात तीन महिन्यांच्या व्हिसावर माझी आई पुण्याहून आली. येऊन चार दिवस होतात न होतात तोच एका शुक्रवारी तिने रेडेकरला पाठीवर ती भलीमोठी बॅग टाकून जिना उतरताना गाठलं. हा कुठे निघाला, तर मॅचला. खेळणार का, तर सांगता येत नाही. मी तिला सगळी हकीकत सांगितली.

“सतरा वर्षं नुसता तयार?” आई म्हणाली. “घरातून निघताना हातावर कोणी दही तरी घालतं का त्याच्या?”

त्याच्या घरी कोणीच नव्हतं. आई आत गेली आणि वाटीत दही-साखर घेऊन आली. रेडेकरने डावा हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला. तो मला समजावून सांगायला लागला की गोलकीपर पक डाव्या हाताने पकडतो, त्यामुळे नशीब त्या हातात असतं. आईला सांगा, म्हणाला. आई म्हणाली, त्याला सांग, नशीब कुठेही असू दे, दही उजव्या हातावर. शेवटी तीर्थ घेताना धरतो तसा डाव्यावर उजवा हात ठेवून तोडगा निघाला. त्याने दही चाटलं, दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी बोटाने टिचकी मारली आणि गेला.

त्या संध्याकाळी मॅचच्या दुसऱ्याच मिनिटाला पहिल्या गोलकीपरचा गुडघा दुखावला. रेडेकर उठला, पूर्ण मॅच खेळला आणि जिंकून आला.

रविवारी बरोबर चार वाजता आमची घंटा वाजली. दारात रेडेकर, डाव्यावर उजवा हात. त्यानंतर दर शुक्रवारी आणि दर रविवारी तसंच. तीच वाटी लागे, तोच चमचा लागे. एकदा मेधाने चुकून दुसरा चमचा आणला तर तो जागचा हलेना. आत मात्र कधी आला नाही. बुटांची नाडी एकदा बांधली की स्टेडियमपर्यंत सोडायची नाही, हा त्याचा नियम. आई तुर्की दुकानातल्या दह्याचं विरजण लावायची आणि मोसमाची जबाबदारी आपल्यावर असल्यासारखी रोज पातेल्यात डोकावायची. तो तिला ‘फ्राऊ आई’, म्हणजे श्रीमती आई, म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात दोघांची गाठ पडली की ती विचारायची, जिंकलात? मग, जेवलास? हे दोन मराठी शब्द त्याने पाठ केले होते. पहिल्याला अंगठा वर किंवा खाली, दुसऱ्याला मानेने हो किंवा नाही. नाही म्हटलं की त्याला डबा मिळायचा. पहिला गोलकीपर बरा होऊन परतला की नाही, रेडेकर खेळतोय की पुन्हा दाराशी बसलाय, हे विचारायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. चार वाजता घंटा वाजत होती, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं आम्ही धरून चाललो.

जानेवारीच्या शेवटी एका शुक्रवारी ऑफिसात कोणीतरी मॅचची तिकिटं वाटली. मी घरी न जाता परस्पर सहकाऱ्यांबरोबर गेलो. गोलमध्ये रेडेकर नव्हता. मी बाकाकडे बघितलं. दाराशी कोणी दाढीवाला बसला होता आणि दार इतकं गलथानपणे उघडत होता की बिजागरीची मला काळजी वाटली. मी शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला, श्टेफानला विचारलं, रेडेकर कुठे? श्टेफानला आधी नावच आठवेना. मग म्हणाला, तो जुना राखीव ना? नाताळाच्या आधीच करार मोडला त्याचा. पहिला बरा झाला, शिवाय हा नवा आणला, मग तिसरा ठेवून काय करायचं?

माझ्या डोक्यात काही शिरेना. नाताळ होऊन पाच आठवडे झाले होते. पाच आठवडे हा माणूस दही चाटून, बॅग उचलून कुठे जात होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी आईला विचारलं, काल रेडेकर आला होता का. चारलाच आला होता, नेहमीसारखा. मग मी तिला सगळं सांगून टाकलं. ती दचकेल असं मला वाटलं होतं. तिने चहा गाळून माझ्यापुढे ठेवला.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “खालच्या खोलीतला तो वास नाताळाच्या आधीच गेला. कपडे वाळत घालायला मीच जाते ना?”

“मग दही कशाला देत राहिलीस?”

“घराबाहेर पडत होता ना तो? माझ्याकडे येता यावं म्हणून का होईना, दाढी करून, बूट घालून बाहेर पडत होता.” तिने चहाचं पातेलं विसळून पालथं घातलं. “पण गुरुवारी मी पुण्याला चालले. मग हा कोणापुढे हात धरणार? उद्या काय ते बघते मी.”

रविवारी चार वाजता घंटा वाजली. रेडेकर हात धरून उभा. आईच्या हातात वाटी नव्हती.

“त्याला आत बोलाव,” ती मला म्हणाली. “आणि सांग, आज दही हातावर नाही, पानात वाढलंय.”

मी जर्मनमध्ये सांगितलं. त्याने नेहमीप्रमाणे बुटांकडे बोट दाखवून आत येता येत नाही म्हणून सांगितलं. आई बाजूला झाली नाही आणि वाटी आणायलाही गेली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. आम्हाला कळलंय हे त्याच्या लक्षात आलं. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी हात कुठे ठेवावेत हे त्याला समजेना. मग खाली वाकून त्याने नाड्या सोडल्या आणि बॅग भिंतीशी ठेवली. बॅगेचा आवाजच झाला नाही. पॅडं क्लबची होती, ती क्लबने परत घेतली होती. बॅग फुगलेली दिसावी म्हणून त्याने आत आपली दुलई कोंबली होती.

टेबलाशी बसल्यावर तो मला सगळं सांगत गेला. दर वेळी तो गाडी काढून स्टेडियमपाशी जायचा आणि पार्किंगमध्ये बसून राहायचा, थंडीत, मॅच संपेपर्यंत. मी म्हटलं, अहो, पण कशाला? घरी बसून राहिला असतात तरी आम्हाला काय कळणार होतं? तर म्हणाला, सकाळी फ्राऊ आई विचारणार, जिंकलात का. निकाल माहीत नको? बाहेर येणाऱ्या लोकांच्या तोंडाकडे बघून तो निकाल ओळखायचा. तिला खोटं सांगायचं नव्हतं.

पाच आठवडे सगळ्या बिल्डिंगच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या माणसाचा हा प्रामाणिकपणा कुठल्या खात्यात टाकावा ते मला समजेना.

मग तो ताटाकडे बघत सावकाश म्हणाला, “सतरा वर्षं मला लोक एकच विचारतात, हेर कुलकर्णी. खेळलास का? आणि सतरा वर्षं मी नाही म्हणतो. तुमच्या आईने ते एकदाही विचारलं नाही. ती विचारते, जिंकलात का. आणि हरलो म्हटलं तरी पुढे विचारते, जेवलास का. हे एवढं विचारणारं माणूस हातचं जाऊ नये म्हणून मी बॅग उचलत होतो.”

आई भाताचं पातेलं घेऊन आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“काय म्हणतोय तो?” तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं.

“भूक लागलीय म्हणतोय,” मी म्हणालो.

“मग बघतोस काय माझ्या तोंडाकडे?” आई म्हणाली. “सरक जरा, वाढू दे मला.”