सुमनकाकूंची काट

आमचे शेजारी मनूकाका प्रधान कोणाला "काय, कसं काय?" असं विचारत नाहीत. समोर माणूस आला की ते शर्टाच्या खिशातून पत्त्यांची कॅट काढतात, त्याच्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "काटा." दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत भिसेगावातल्या बहुतेकांनी ती कॅट काटलेली आहे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाने काटली आहे. दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवे झाल्यावर काकांनी आधी त्यांना काटायला लावलं आणि मगच तोंड उघडलं.

तुम्ही वरची निम्मी पानं उचलून बाजूला ठेवता. काका उरलेली पानं त्यांच्यावर ठेवल्यासारखं करतात आणि सगळ्यात वरचं पान उलटतात. बदामचा एक्का! काटण्याआधीही वर तोच होता. म्हणजे तुम्ही काटलंत ते न काटल्यासारखंच. निदान असं व्हायला हवं. प्रत्यक्षात काकांच्या हातून पानं सांडतात. एकदा किलवरची तिर्री दूधवाल्याच्या किटलीत गेली, आणि ती निघेपर्यंत सगळी आळी भांडी घेऊन उभी होती.

काकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना जादू दाखवायचीच नसते. पानं गोळा करता करता ते विचारतात, "ही काट आधी कुठे पाहिलीत? कोणाच्या हातात? आणि त्याला कोणी शिकवली?"

काका जन्मभर रसायनीला एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात होते. पिंपात खडा निघाला तर तो कुठल्या गोणीतून आला, गोणी कुठल्या टेंपोतून आली आणि टेंपो धुतला कोणी होता, इथवर जायचं ही त्यांची नोकरी. ती सुटली, पण खोड सुटली नाही. "मूळ सांगा," हे त्यांचं पालुपद. उद्या पाणी येणार नाही असं कोणी म्हणालं की "मूळ सांगा." माझ्या बायकोच्या, शीतलच्या, आमटीला एकदा नावाजलं आणि लगेच मूळ विचारलं. तिने "आईची पद्धत" म्हणताच माझ्या सासूबाईंना फोन लावून त्यांच्या आईपर्यंत पोचले. मी एकदा म्हटलं, "काका, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात." त्यावर काका म्हणाले, "असं कोण म्हणतं? मूळ सांग."

या काटेच्या मागे मात्र ते लागले सुमनकाकू गेल्यानंतर.

काका-काकूंचा रमीचा डाव आळीला ठाऊक होता. कारखाना असताना सुट्टीच्या दिवशी, निवृत्तीनंतर रोज दुपारी. हरेल त्याने चहा करायचा. पिसणं आणि वाटणं काकूंकडे, कारण काकांच्या हातून पानं सांडायची. काटणं काकांकडे. "काटणं म्हणजे तपासणी," असं ते आम्हाला ऐटीत सांगायचे. "माझ्या सहीशिवाय माल पुढे जात नाही." आणि एवढी कडक तपासणी करून रोज चहा काकाच करायचे. नशिबाला बोल लावत, आलं ठेचत. काकू ओटीवर पाय पसरून पेपर वाचत बसायच्या.

काकू गेल्या त्याच्या पुढच्या गौरी-गणपतीत आळीतल्या बायका काकांच्या ओटीवर पत्ते खेळायला जमल्या. घर सुनं वाटू नये, एवढाच हेतू. वाटायची पाळी शीतलची होती. शेजारणीने कॅट काटली, शीतलने पानं उचलली, आणि काका ओरडले, "थांब! हे काय केलंस? खालची खालीच ठेवलीस!"

"अहो काका, ही काकूंची काट," शीतल म्हणाली. "त्यांनीच शिकवली. आळीत सगळ्यांना येते."

सगळ्यांना म्हणजे सगळ्या बायकांना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. माझ्या घरी दुपारचा चहा कोण करतं आणि का, हे इथे सांगण्याचं कारण नाही.

मला वाटलं, काका चिडतील. जन्मभर माल तपासणाऱ्या माणसाला त्याच्याच ओटीवर रोज बनावट माल खपवला होता. पण काका बराच वेळ शीतलच्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा करून दाखव." तिने दाखवली. "सुमनला कोणी शिकवली?" ते तिला माहीत नव्हतं. काकांनाही माहीत नव्हतं, आणि हेच त्यांना लागलं. एवढा संसार केला, आणि तिची एक अख्खी विद्या आपल्याला ठाऊक नाही! मग ती शिकली कुठे, कोणाबरोबर खेळली, आणि आपल्याला रोज हरवून तिला मिळत काय होतं? दुसऱ्या दिवशी काकांनी नवी कॅट आणली.

माझ्याकडे स्कूटर आहे, हा माझा गुन्हा. त्या दिवसापासून माझे रविवार गेले.

काकांनी आधी कर्जतमधले खेळणारे गाठले. सगळे म्हणाले, "ही खोपोलीची काट. आमच्याकडे असलं चालत नाही." खोपोलीत गेलो, तर तिथे तिचं नावच 'कर्जतकाट'! लबाडीची विद्या कोणी आपल्या गावाच्या नावावर चढवून घेत नाही. त्यातून काकांची विचारण्याची रीत अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, पोलिसांत वर्दी गेली. खोपोलीतल्या एका मंडपात भरदुपारी डाव रंगला होता. काका मागे जाऊन उभे राहिले आणि वाटणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाले, "ही लबाडी तुम्ही कोणाकडून शिकलात?" चोराच्या मनात चांदणं! पत्ते सतरंजीखाली गेले, कोणीतरी टाळ उचलले, आणि जेवणं उरकलेल्या गणपतीची आरती सुरू झाली. काकांनी चप्पल काढून आरती पूर्ण म्हटली, प्रसाद घेतला आणि पुन्हा विचारलं, "मूळ सांगा." आम्ही स्कूटर ज्या वेगाने तिथून काढली, त्या वेगाने मी ती एरवी कधीच चालवलेली नाही.

धागा सापडला तो काकूंच्या खालापूरच्या भावाकडे. ते म्हणाले, "सुमनला आधी इस्पिक आणि किलवर यातला फरक कळत नव्हता. मग लग्नाआधी ती साजगावच्या बालवाडीत शिकवायला जायला लागली, आणि तिथपासून आम्ही तिच्याशी पैज लावणं सोडलं."

"साजगाव!" काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, दरवर्षी ती साजगावच्या जत्रेला जायची. सुके बोंबील आणायला. सकाळी गेलेली संध्याकाळी यायची. मला वाटायचं, एकेक निवडून घेते!"

त्या बालवाडीतल्या मदतनीस हौसाबाई अजून साजगावातच राहतात, असंही भावाने सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या दारात. म्हातारी ओटीवर वाल सोलत बसली होती. काकांनी नाव सांगण्याऐवजी कॅटच पुढे केली. म्हातारीने हात पुसले, काटण्याऐवजी कॅटच काढून घेतली, काकांना काटायला लावलं, आणि वरचं पान उलटलं. बदामचा एक्का. तिच्या हातात काय झालं ते दोन वितींवरून मला दिसलं नाही.

"तुमी आमच्या बाईचं मालक," ती म्हणाली. "या जावईबापू, बसा. लय उशीर केलात."

मग ती बोलत सुटली. बालवाडीतली पोरं झोपली की दोघी पत्ते मांडायच्या. हरेल तिने पोरांची ताटं घासायची. बाई आधी रोज हरायच्या. "ताटं घासून घासून रडाया लागली, तवा दया आली नि शिकवली." नंतर दर जत्रेला बाई यायच्या, बोंबील जाताना घाईघाईत घ्यायच्या, आणि दिवसभर या ओटीवर डाव चालायचा. काका मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. लहान मुलाने गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते.

"पण मला का हरवायची ती?" काकांनी विचारलं. "चहासाठी?"

"च्या तिला करता येत नवता व्हय?" हौसाबाई हसली. "बाई सांगायची, 'हौसा, आमचे हे कामावरून आले का तोंड मिटून बसतात. हा नाय, हू नाय. पन हरले का बोलाया लागतात. असं पान टाकायला हवं होतं, तसं टाकायला हवं होतं, च्या उकळेस्तवर बोलतात.' तुमचं बोलनं ऐकाया हरवायची तुमाला, दुसरं काय!"

काका चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले, आणि मला वाईट वाटलं. ज्या माणसाच्या बडबडीने आळी बेजार आहे, तो एके काळी घरात तोंड उघडत नव्हता, हे मला माहीतच नव्हतं. आता भेटेल त्याच्याशी बोलतात.

थोड्या वेळाने काकांनी चष्मा चढवला आणि सवयीने विचारलं, "आणि हौसाबाई, तुम्हाला कोणी शिकवली?"

"मला? माझ्या आयनं..." म्हातारी थांबली. तिने काकांकडे नीट पाहिलं. "नाय बा. नाय आठवत. लय जुनी गोष्ट. पुढच्या खेपेला या, तवर आठवून ठेवते."

आम्ही उठलो. काका स्कूटरपाशी पोचले तसा मी मागे वळलो. "आजी, आईने शिकवली म्हणत होतात ना?"

"व्हय की. याच ओटीवर," ती आवाज खाली आणून म्हणाली. "पन सांगितलं तर त्यांचं काम झालं. मग कशाला येतील? आन बाईचं नाव काढाया माज्याकडं तरी दुसरं कोन येतं रं?"

मी स्कूटर सुरू केली. काका मागे बसले. पिंपातल्या खड्यासाठी टेंपोवाल्याच्या घरापर्यंत गेलेला हा माणूस. समोर बसलेल्या बाईच्या तोंडून निघालेलं "माझ्या आयनं" त्यांना ऐकू गेलं नसेल, हे शक्यच नव्हतं. मी मुद्दाम विचारलं, "काय काका, सापडलं का मूळ?"

"छे रे," काका माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "तिला आठवत नाही ना. पुढच्या रविवारी मोकळा आहेस?"