सरोजला दर पंधरा दिवसांनी

चारुदत्त सबनीसांनी खताचं वेळापत्रक करायचं ठरवलं, तिथेच सगळं चुकलं. माणसाने खत घालावं आणि हात धुवावेत. पण रेल्वेच्या संशोधन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला तक्त्याशिवाय काही सुरूच करता येत नाही. (चहा टाकण्याआधीही ते कप मोजतात, आणि घरात एकटेच असतात तेव्हाही मोजतात.)

डिसेंबरच्या सुरुवातीला पद्माताई लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या आणि लखनौतल्या मानक नगरच्या क्वार्टरमधल्या बावीस कुंड्या नवऱ्याच्या हवाली करून गेल्या. जाताना त्यांनी एकच बजावलं. बाकी काहीही होवो, सरोजजींचा गुलाब जगला पाहिजे. सरोजजी म्हणजे चारुदत्तांच्या साहेबांच्या, मिश्राजींच्या पत्नी. त्यांच्या आईच्या अंगणातला तो गुलाब. आई गेली, मागोमाग ते झाडही वाळलं, आणि त्याचं कलम उरलं होतं ते फक्त पद्माताईंच्या कुंडीत. आता ते मेलं तर बायको, साहेब आणि साहेबांची बायको, तिघांनाही तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

पद्माताईंची एक खोड होती. झाड ज्या बाईने दिलं, तिचंच नाव त्या झाडाला. म्हणून गुलाब ‘सरोज’, मोगरा ‘कल्पना’, जास्वंद ‘चेतना’. घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. चारुदत्तांनीही तीच नावं तक्त्यात घातली, वर ठळक अक्षरांत ‘खत : वर्षभराचे वेळापत्रक’ असं लिहिलं आणि जानेवारीअखेर एका सकाळी ऑफिसात प्रिंटची कळ दाबली. कागद बाहेर आला तो मिश्राजींच्या केबिनमध्ये.

आता, आपल्या खताला हिंदीत खाद म्हणतात आणि हिंदीत ख़त म्हणजे चिठ्ठी, हे बदली होऊन लखनौमध्ये दोन वर्षं राहूनही चारुदत्तांच्या कानावरून कधी गेलं नव्हतं, कारण नर्सरीवाल्याशी बोलायचं खातं पद्माताईंकडे होतं. मिश्राजींना मराठी येत नव्हती, पण देवनागरी येत होती. ‘सरोज : नोव्हेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी. मे-जून बंद.’ उरलीसुरली शंका वेळापत्रकातल्या ‘पत्रा’ने फेडली.

मिश्राजी पडले लखनौचे. त्यांनी आवाज चढवला नाही. चारुदत्तांना बोलावून बसवलं, चहा मागवला आणि तो येईपर्यंत थंडीविषयी बोलले. मग कागद पुढे सरकवला.

“चारुदत्त जी, ये सरोज को... हर पंद्रह दिन?”

“हाँ सर. इस मौसम में उनको बहुत लगता है.” (साहेबांच्या पत्नीचं नाव. झाड झालं म्हणून काय, अरेतुरे कसं करायचं?)

“और मई-जून में बंद?”

“एकदम बंद, सर. गर्मी में खत दिया तो जल जाती हैं.”

मिश्राजींनी चष्मा काढून पुसला. घरी मिसेसना हे ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. चारुदत्त अभिमानाने म्हणाले, त्यांनीच तर शिकवलं, आणि सुरुवातही त्यांनीच केली. आणि ही कल्पना? कल्पनाला फेब्रुवारीत छाटणी झाल्यावर. चेतनाला थंडीत काहीच द्यायचं नाही, ती झोपलेली असते.

“आख़िर लिखते किस काग़ज़ पर हैं?” साहेबांचा आवाज आता घसरला होता.

“काग़ज़ पर नहीं, सर. मिट्टी में. सरसों की खली भिगोकर.”

मग मिश्राजींनी हळूच ‘खाद?’ असं विचारलं, चारुदत्तांनी फोनवर खाद आणि ख़त दोन्हींचे अर्थ पाहिले, आणि पाहता पाहता त्यांच्या कपाळावर ऐन थंडीत घाम आला. साहेब मात्र एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनी तिथूनच घरी फोन केला. सरोजजींनी निरोप दिला की संध्याकाळी आम्ही दोघं आमचे ख़त बघायला येतोय.

आता मात्र चारुदत्त खरे अडकले. कारण तक्ता झाला होता, खत झालं नव्हतं. गेले आठ आठवडे तक्त्यातच गेले होते. आधी तो तिथीप्रमाणे झाला, मग तारखेप्रमाणे, मग प्रत्येक झाडाला वेगळा रंग देण्यात एक अख्खा रविवार खर्ची पडला. मोहरीच्या पेंडीची पिशवी अजून शिवलेलीच होती.

सरोजजी आल्या आणि थेट गुलाबापाशी उकिडव्या बसल्या. खालची पानं पिवळी पडून गळली होती, वर एक मरतुकडी कळी होती. त्यांनी माती बोटांनी उकरून पाहिली. त्या हसल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलेलं चारुदत्तांना दिसलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

“भाईसाहब,” त्या म्हणाल्या, “लिखा तो आपने बहुत, डाला एक भी नहीं.”

मुळं अजून धडधाकट आहेत, असं सांगून सरोजजींनी कुंडी मिश्राजींच्या हातात दिली, पेंडीची पिशवी स्वतः उचलली आणि दोघं चालू लागले.

थोड्याच वेळात नाशिकहून पद्माताईंचा व्हिडिओ कॉल आला. नातवाचं तोंड दाखवायच्या आधी त्यांनी विचारलं, “अहो, सरोज कुठंय? कुंडी दिसत नाही ती.”

“गेली,” चारुदत्त म्हणाले. “मिश्राजी येऊन घेऊन गेले.”

“सुटली बिचारी,” पद्माताई म्हणाल्या.