जयवंतची बिनआवाजाची सुट्टी

त्या वर्षी मस्कतच्या एका कंपनीने आपल्या कामगारांना विमानाऐवजी टीव्हीवरून सुट्टीवर पाठवायला सुरुवात केली. वैशाखात समुद्रावरची हवा तापली की तिकडचं टीव्ही केंद्र देवगडात आपसूक लागतं, मग तिकिटं कशाला काढायची, असा साधा विचार होता.

त्याप्रमाणे जयवंत तारकर घरी आला. कृष्णधवल आला, थोडा तिरका आला, पण आला. आवाज मात्र आला नाही. चित्रापासून आवाज किती अंतरावर ठेवायचा, याबाबत दोन्ही देशांचं जमलेलं नव्हतं. त्याला तो बिचारा काय करणार!

त्याची बायको शालन रोज पडद्यासमोर बसे. जयवंत तोंड हलवी, हातवारे करी. जवळ बोलावतोय असं वाटून ती पाट पुढे सरकवी. तो पुन्हा हात करी. ती आणखी सरके, पार काचेला नाक लागेपर्यंत. तिला लाज वाटे आणि सुखही वाटे.

सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती बाहेर खळ्यात कोकमं फोडत बसे. "माका थंय काय दिसतला? तूच बघ," म्हणे, आणि मग हळूच विचारी, "तो बोललो काय गो?"

हा प्रश्न शालनला ऐकवेना. लेकाच्या आवाजासाठी म्हातारी झुरत होती, आणि हवा तर निवू लागली होती. ती निवली की सुट्टी संपणार. शेवटी शालनने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या नारिंग्रेकरांना बोलावलं.

"आवाज मिळात," ते म्हणाले, "पण चित्र जाताला. हयचा गेला की थंय त्याका दिसता ता पण गेला. परत येवचा नाय. विचार कर."

शालनने नवऱ्याला डोळे भरून बघून घेतलं. "करा," ती म्हणाली.

नारिंग्रेकरांनी सेटच्या पोटातला स्क्रू फिरवला. जयवंत गेला. पडद्यावर नुसत्या मुंग्या राहिल्या, आणि त्यांतून त्याचा थकलेला आवाज आला.

"...कितीदा सांगू, जरा बाजूक हो आणि आयेक हय हाड! तिका बघूक इलंय मी. शालन? खंय गेलंस? काय दिसना नाय!"

शालनने धावत जाऊन सासूला हाताला धरून आत आणलं आणि मुंग्यांसमोर बसवलं.

म्हातारीने आधी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. "जयवंता, मी दिसतंय ना रे?"

"दिसतंस गे आये," तो म्हणाला. "बरी दिसतंस."

म्हातारी हसली आणि त्याला नीट बघता यावं म्हणून तशीच ताठ बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून शालनने खिडकी उघडली.