पाठमोरी

प्रिय ओवी आणि नील,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, पाठमोरी म्हणजे काय? बाबा टीव्हीकडे बघून सारखं म्हणतो." बाबाला विचारलं, तर तो म्हणाला, "आजीला विचारा." म्हणजे काम माझ्याकडे आलं. फोनवर दोन वाक्यांत सांगितलं तर तुम्ही "ओके" म्हणाल आणि विसराल, म्हणून लिहून पाठवते आहे. अडेल तिथे बाबाकडून वाचून घ्या. शब्दाचा अर्थ शेवटी येईल. आधी ज्यांनी तो आमच्या घरात आणला त्यांची ओळख करून देते. ही शिस्तही त्यांचीच. ते म्हणायचे, "आधी लक्षणं, मग नाव."

आमच्या शेजारचे वानखडेभाऊजी गळ्यात भिंग घालून कार्टून बघायचे.

हे मी विनोदानं लिहीत नाही. इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, पायात लोकरी मोजे आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं छोटं भिंग, अशा थाटात सत्तरी गाठलेले गृहस्थ सकाळचा चहा झाला की बेसमेंटमध्ये उतरायचे आणि जपानी कार्टून लावून बसायचे. मध्येच चित्र थांबवायचे, उठून टीव्हीपाशी जायचे, भिंग डोळ्याला लावायचे आणि "हं" म्हणून परत येऊन बसायचे.

भाऊजी मूळचे अकोल्याकडचे. इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, त्यांचं आयुष्य बियाणं तपासण्यात गेलं. गव्हाच्या नमुन्यात तणाचं एखादं बी शिरलं असेल तर ते शोधायचं आणि कोणत्या तणाचं ते नावानिशी सांगायचं. निवृत्त झाले तरी भिंग काही निवृत्त झालं नाही. मी फोडणी करत असले की मागे येऊन उभे राहायचे. मोहरी तळहातावर घेऊन बघायचे.

"वहिनी, तुमच्या मोहरीत पाहुणे आहेत बरं का."

"असू द्या भाऊजी. तेही तडतडतील."

बियाणं संपलं तेव्हा त्यांनी माणसं घेतली. इथल्या मराठी मंडळींची त्यांनी रीतसर वर्गवारी केली होती. "निघतो" म्हणून कोट चढवायचा, बूट घालायचे आणि मग दारात उभं राहून खऱ्या गप्पा सुरू करायच्या, या जातीला त्यांनी 'बूटबोले' नाव दिलं होतं. "ह्याच्यात एक पोटजात आहे वहिनी. ज्यांची बायको केव्हाचीच गाडीत जाऊन बसलेली असते." तुमचे आजोबा त्या पोटजातीतले. गाडीत बसून काच पुसत राहणारी मी.

कार्टूनचा नाद मात्र त्यांना फार उशिरा लागला. त्याचं कारण त्यांची नात, रेवा.

भाऊजींची मुलगी संध्या आजारी पडली आणि नवरा-मुलीसह माहेरी राहायला आली. भाऊजींची पत्नी आधीच गेलेली होती. त्या हिवाळ्यात संध्याला बिछान्यातून उठवत नव्हतं. नऊ वर्षांची रेवा शाळेतून आली की आईच्या पांघरुणात शिरायची आणि दोघी मिळून लायब्ररीतून आणलेली जपानी कार्टून बघायच्या. कार्टून म्हटलेलं रेवाला खपायचं नाही. "आजोबा, इट्स ॲनिमे!" बर्फ वितळायला लागलं तेव्हा संध्या गेली. रेवाचे वडील टोरांटोला नोकरीला, सकाळी अंधारात बस पकडायचे. शाळा सुटल्यावर नात आणि आजोबा दोघंच घरात. आणि ते ॲनिमे.

आम्हाला वाटलं, भाऊजी नातीला सोबत करताहेत. पण ती शाळेत असतानाही ते एकटे बघत बसायला लागले, तेव्हा मंडळींत कुजबूज सुरू झाली. दिवाळीच्या जेवणात पुरुषांचा घोळका विंटर टायर्सवर बोलत होता. कुठले चांगले, कधी बदलावेत, असं गंभीर चाललं होतं. भाऊजी मध्येच म्हणाले, "तोंडात पावाचा तुकडा धरून शाळेत पळत जाणारी पोरगी तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे काय? दर गोष्टीत असते. कोपऱ्यावर कोणाला तरी धडकते."

टायर्स तिथेच राहिले.

"आणि चष्मेवाला," भाऊजींना आता जोर चढला होता. "ज्याच्या चष्म्याची काच मध्येच चमकते, त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा. त्याच्या मनात काहीतरी शिजून राहिलेलं असतं." नेमका तेव्हाच हॉलच्या दिव्याखाली तुमच्या आजोबांचा चष्मा चमकला. भाऊजींनी भिंगाला हात घातला. घरी येईपर्यंत आजोबा मला विचारत होते, "अगं, हा ठीक आहे ना?"

मला वाटलं, एकटेपणानं माणूस जरा सरकला. एका सकाळी मी अळूवड्या घेऊन गेले, म्हटलं बघूच. दार उघडंच होतं. बेसमेंटमध्ये पडदे ओढलेले, टीव्हीवर चित्र थांबवलेलं आणि त्यापुढे भाऊजी.

"या वहिनी. बरं झालं आल्या. दुसरं मत पाहिजेच होतं. हिची लक्षणं सांगा."

मी बघितलं. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. कोवळं ऊन पडलेलं. तिची पाठ आमच्याकडे.

"बाई आहे. कपडे वाळत घालते आहे."

"बाप्पा! हे तर मांजरही सांगेल. नीट पाहा. तोंड दिसते काय? नाही. दाखवतच नाहीत, दाखवलं तर अर्धं. केस कसे आहेत? सैल वेणी, एका खांद्यावरून पुढे घेतलेली. कामात आहे. काहीतरी गुणगुणते. पोरगं हाक मारते, तर वळायच्या आधीच चित्र संपते." त्यांनी भिंग स्वेटरवर पुसलं. "ही वाचत नाही वहिनी. पुढच्या भागात ही नसते."

"कशावरून?"

"खूप नमुने पाहिले. हिला मी नाव दिलं आहे. पाठमोरी."

मी हसले. ते हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. संध्या गेल्यानंतर एकदा रेवा अशीच एक नवीन गोष्ट बघत होती. ते शेजारी बसून डुलक्या घेत होते. गोष्टीत अशीच आई आली, पोळी की काय करत होती. रेवा खुदुखुदु हसत होती. थोड्या वेळानं त्यांना जाग आली तेव्हा पडद्यावर पाऊस पडत होता, सगळ्यांनी काळे कपडे घातले होते आणि रेवा जागेवर नव्हती. वॉशरूमचं दार बंद होतं. आत नळ सोडलेला होता. बराच वेळ सोडलेला होता.

"बंद कर म्हणता येत नाही न वहिनी. आईसोबत सुरू केलेलं आहे ते. तेवढंच एक तिच्याजवळ राहिलं आहे. मग मी काय करू? मी आधी पाहून ठेवतो. पाठमोरी निघाली की डीव्हीडी लायब्ररीत परत. पोरीला सांगतो, कोणीतरी नेली, वेटिंग लिस्ट आहे."

एवढं बोलून त्यांनी चित्र पुढे सुरू केलं. मी शेजारी बसले. त्या बाईनं कपडे वाळत घातले, मुलाची हाक आली, आणि मग जे व्हायचं ते झालं. भाऊजी शेवटपर्यंत बघत होते. मला त्या वेळी एवढंच सुचलं, की भाऊजी दर सकाळी इथे बसून, एकटे, हे बघतात. रेवाची आई ही त्यांची मुलगीच होती. मी अळूवड्यांचा डबा उघडून पुढे केला. ते म्हणाले, "चिंच जरा कमी आहे," आणि डीव्हीडी परत करायच्या पिशवीत टाकली.

त्यानंतर आमच्या घरात तो शब्द रुळला. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात होता. घरी आला की भाऊजींचा बिघडलेला प्लेअर दुरुस्त करायचा आणि पाठमोरी दिसली की त्यांना आवाज द्यायचा. तिथून तो ती सवय घेऊन तुमच्याकडे मेलबर्नपर्यंत गेला.

आता रेवाच्या दहाव्या वाढदिवसाचं सांगते.

बेसमेंटमध्ये मुलींचा गोंधळ चालला होता. मी केक कापून देत होते. भाऊजींनी त्या दिवशी दाखवायचा सिनेमा आधी तपासून, निर्धोक ठरवून ठेवला होता. पण एका मैत्रिणीनं भेट म्हणून दुसराच आणला आणि सगळ्यांनी तोच लावायचा ठरवला. भाऊजींना अडवायला वेळ मिळाला नाही. ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले, भिंग मुठीत धरून.

पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं. खिडकीतून ऊन आलं. आणि ओट्यापाशी, आमच्याकडे पाठ करून, खांद्यावरून वेणी पुढे घेतलेली एक बाई काहीतरी चिरत उभी होती. गुणगुणत.

भाऊजी उठले आणि सरळ टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरून. मुलींनी एकच ओरडा केला. "मूव्ह! आजोबा, वी कान्ट सी!"

"लाइटचा प्रॉब्लेम आहे," भाऊजी म्हणाले. "वायर गरम झाली. सगळ्यांनी वर चला. वर केक आहे."

"केक इथे आहे," एक मुलगी माझ्या हाताकडे बोट दाखवत म्हणाली.

"वर दुसरा आहे," भाऊजी म्हणाले. दुसरा नव्हता.

तेव्हा रेवा उठली. तिनं आजोबांचा स्वेटर धरून त्यांना बाजूला ओढलं आणि हळूच, फक्त आम्हाला दोघांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आजोबा, बसा. ही वाचते. धिस वन लिव्ह्ज. आय चेक्ड."

भाऊजींना कळेना. मलाही.

"कधी पाहिलास तू?"

"ॲट हर हाउस. आधीच." तिनं मैत्रिणीकडे मान हलवली. "मीच तिला आणायला सांगितला. बिकॉज आफ्टर दोज वन्स यू डोन्ट ईट युअर लंच, आजोबा. डबा तसाच असतो."

भाऊजी बसले. रेवा त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. सिनेमा पुढे गेला. त्यात वादळ आलं, बोट आली, एक बोलणारं कासव आलं, मला फारसं समजलं नाही. शेवटी पुन्हा तेच स्वयंपाकघर आलं. मुलानं हाक मारली. ती बाई वळली, आणि तिचं सगळं तोंड दिसलं. चारचौघींसारखं होतं. गालाला पीठ लागलेलं.

भाऊजींनी भिंग डोळ्याला लावलं. इतक्या लांबून भिंगातून काहीच दिसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी ते बराच वेळ लावून ठेवलं.

"लक्षणांत दुरुस्ती करावी लागेल वहिनी," मग ते म्हणाले. "जोडा: क्वचित वळते."

त्या दिवसापासून दोघं सगळंच एकत्र बघायला लागले, तपासलेलं आणि न तपासलेलं. पाठमोरी आली की रेवा त्यांचा हात धरायची. कोण कोणासाठी धरतंय, ते मी कधी विचारलं नाही.

भाऊजी मागच्या हिवाळ्यात गेले. घर विकलं. तिथे आता नवीन कुटुंब आहे आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये काय चालतं मला माहीत नाही. रेवा बर्नाबीला युनिव्हर्सिटीत आहे, भिंग तिच्याकडे आहे. परवा तुमचा प्रश्न मी तिला फोनवर सांगितला, तर म्हणाली, "आजी, नुसता अर्थ नका सांगू. पूर्ण सांगा."

तर पूर्ण सांगते. पाठमोरी म्हणजे गोष्टीतली ती आई, जिची पाठ आपल्याकडे असते, वेणी एका खांद्यावरून पुढे घेतलेली असते, जी कामात असते आणि गुणगुणत असते. ती बहुतेक वाचत नाही. क्वचित वळते.

माझ्याकडे भाऊजींचं एवढं उरलं आहे.