भार, चिन्ह आणि मोड

वामनराव कर्णिकांना आमच्या चाळीतल्या प्रत्येक माणसाचं वजन तोंडपाठ होतं. माझं एकशे बारा रत्तल. आमच्या हिचं एकशे अडतीस. लग्नाला आठ वर्षं होऊनही हा दुसरा आकडा मला ठाऊक नव्हता. कर्णिकांनी तो मला जिन्यात गाठून, आजूबाजूला कुणी नाहीसं पाहून, डॉक्टरनं नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगावं तसा सांगितला. वर म्हणाले, "सामंत, तो शिसवी पलंग भिंतीशी सरकवा. मधल्या तुळईवर पलंग, वहिनी आणि तुम्ही, एवढं एकदम नको."

मी मुळातच भित्रा. कचेरीत साहेबाची घंटा वाजली तरी माझ्या हातातला टाक पडतो. पलंग हिनं हलवू दिला नाही, पण त्या दिवसापासून मी स्वतःच्या खोलीत मधली तुळई चुकवून, भिंतीच्या कडेनं चालायला लागलो. हिला वाटलं, मला पाठीचं दुखणं लागलं.

ही वजनं कर्णिकांनी रीतसर घेतली होती. एका रविवारी कोपऱ्यावरच्या कोळशाच्या वखारीतला काटा हमालांकरवी तिसऱ्या मजल्यावर चढवला आणि सगळ्या मजल्याला एकेक करून पारड्यात बसवलं. पारडं पुसायचं मात्र राहून गेलं. त्या दिवशी आमच्या मजल्यावरचे यच्चयावत लोक पाठीमागे काळा शिक्का घेऊन गिरगावभर हिंडले.

कर्णिक एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्रयोग दाखवायला होते. पंचेचाळिशीचे, एकटे, आमच्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत राहायचे. अंगात बंद गळ्याचा कोट, खिशात फूटपट्टी, आणि चेहऱ्यावर नेहमी असा भाव की मागच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला आहे आणि आपण तिकडे जावं की न जावं. ते संशोधन करत. किती वर्षं, हे चाळीतल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नसे.

सुरुवात पदार्थविज्ञानात झाली. तारेला वजनं टांगायची, ती कधी तुटते ते पाहायचं. मार्गदर्शक म्हणाले, हे जुनं झालं. मग कर्णिक माटुंग्याला इंजिनियरिंगवाल्यांकडे गेले आणि लाकडाच्या तुळया मोडू लागले. तिथले मार्गदर्शक निवृत्त झाले. मग अर्थशास्त्र. महागाई किती वाढली की घरातला माणूस आधी दूध कमी करतो, मग वर्तमानपत्र बंद करतो, मग बायकोशी भांडतो, हे ते घरोघर विचारत फिरले. वर्तमानपत्रापर्यंत लोकांनी उत्तरं दिली. शेवटी शिक्षणशास्त्र. परळच्या एका शाळेत चौथीच्या पोरांना ओळीनं गणितं घालायची आणि कितव्या गणिताला हात थरथरतो ते टिपायचं. हेडमास्तरांनी त्यांना अकराव्या दिवशी बाहेर काढलं.

"चार विषय कशाला केलेत, वामनराव?" मी एकदा विचारलं.

ते दचकले. "चार कुठे? विषय एकच आहे हो. कशाला किती सोसतं."

त्यांच्या वहीत तीनच रकाने होते. भार, चिन्ह, मोड. तार असो, तुळई असो, संसार असो की चौथीतला पोरगा, सगळे त्या तीन रकान्यांत. मधल्या रकान्यावर त्यांचा सगळा जीव. "मोडायच्या आधी वस्तू सांगते हो, सांगते. आपलं लक्ष नसतं," असं ते इतक्या कळवळून म्हणत की ऐकणाऱ्याला आपल्या खुर्चीचा करकर आवाज यायला लागे.

शेवटी एका जुन्या प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं, एका इमारतीच्या वर्षभराच्या नोंदी आणा, एक दिवस चुकवू नका, एक आकडा वाकवू नका, मग मी तुमचा प्रबंध पुढे पाठवतो. कर्णिकांनी आमची चाळ निवडली. आमच्या चाळीला रस्त्याकडे लांबच लांब लाकडी गॅलरी होती; येण्याजाण्याची वाट मागच्या बाजूनं. गॅलरीच्या जिथे जिथे फटी आणि भेगा होत्या, तिथे तिथे त्यांनी कॉलेजातल्या काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या बसवल्या, दोन्ही टोकांना प्लास्टरनं पक्क्या. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकणार. रोज सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला कर्णिक वही घेऊन पट्ट्या पाहत, आणि सगळ्या शाबूत असल्या तरी चेहरा काळजीचाच.

आम्ही त्यांना हसत होतो ते मागच्या जिन्याची पायरी मोडेपर्यंत. कर्णिक म्हणाले होते, आठ दिवसांत जाईल. ती नवव्या दिवशी गेली, दाजी वाघ तिच्यावर असताना. दाजी म्हणजे आमच्या चाळीचे पुढारी. गिरणीत हेडक्लार्क, वजन एकशे चौर्‍याऐंशी, आवाज त्याहून जड. तेव्हापासून चाळीत कुणी काही म्हटलं की विचारायचे, "वहीत आहे का?" वहीत असलं की विषय संपला.

आणि मग ते दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. रोज सभा, रोज मोर्चा, रोज ट्रामगाड्या बंद. संध्याकाळी कचेरीतून येताना कुठल्या नाक्यावर काय पेटलं असेल सांगता येत नसे. डोळ्यांत धुराची चुरचुर घेऊनच माणूस घरी यायचा. लांबून फटाक्यासारखा आवाज झाला की बायका हातातलं काम टाकून आपापली माणसं मोजायच्या. मी घोषणा देत असे, पण घरात, दार लावून.

मोर्चा आमच्या रस्त्यानं जाणार होता, त्या दिवसाची गोष्ट. मोर्चाची वेळ दुपारी तीनची होती. चाळीच्या गॅलरीतून फुलं टाकायची, मोठा फलक लावायचा, असं दाजींनी ठरवलं आणि सकाळी फलकाचा खिळा ठोकायचं काम माझ्यावर टाकलं. मी हातोडी उचलली, तेवढ्यात खालून एक पोलिसांची गाडी गेली. माझा हात हलला. खिळा राहिला बाजूला. शेजारची कर्णिकांची काचपट्टी मधोमध फुटली, तडे चहूकडे.

अकरा महिन्यांत न तडकलेली पट्टी. मी काय केलं? जे मी नेहमी करतो ते. हातोडी धोतराआड लपवली आणि घरात येऊन हिला म्हणालो, चहा टाक.

अकराला कर्णिक आले. मी दाराआडून पाहत होतो. पट्टीपाशी ते थबकले. वाकले. चष्मा वर करून काच पाहिली, मग बाजूचा अर्धवट वाकलेला खिळा पाहिला, मग माझ्या दाराकडे पाहिलं. मी लगेच आमच्या लेकीची, बेबीची, वेणी घालायला घेतली. हिनं ती अर्ध्या तासापूर्वीच घातलेली होती.

मग वहीत टाक चालल्याची कुरकुर ऐकू आली, आणि मग असा आवाज, जो कर्णिकांचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

"गॅलरी आज पडेल! आज गॅलरीत कुणी उभं राहायचं नाही!"

सगळा मजला गोळा झाला. दाजी पुढे आले. "आज? एवढी वर्षं उभी आहे आणि नेमकी आजच पडणार? काय कर्णिक, गॅलरीला दिल्लीहून पत्र आलं वाटतं?"

लोक हसले. कर्णिकांनी वही छातीशी धरली. "दाजी, साठ माणसं उभी राहतील. मी गुणाकार केलाय."

"अहो, लोक रस्त्यावर छातीवर गोळ्या घेतायत आणि आपण घरात लपून बसायचं? तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे, ते तरी एकदा सांगून टाका."

त्या दिवसांत एखाद्याला हे विचारणं म्हणजे थोबाडीत मारण्याहून वाईट. कर्णिकांनी नुसती वही उघडून पुढे धरली. आजची तारीख, पट्टी क्रमांक नऊ, आणि चिन्हाच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात, 'तडा. भारामुळे.'

मी एक शब्द बोललो असतो तर मिटलं असतं. मी दाजींच्या पाठीआड सरकलो.

वही पाहून आधी बायका मागे सरल्या. मग त्यांनी पोरांना दंडाला धरून आत ओढलं. मग बाप्ये, आपण बायकोमुळे आत जातोय असं दाखवत. दाजी एकटे उरले. त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायाखाली पाहिलं, आणि "भिकारडं बांधकाम" म्हणत तेही आत गेले. कर्णिकांनी गॅलरीच्या सगळ्या दारांना बाहेरून कड्या घातल्या आणि शेवटी आमच्या खोलीतून आत आले. आमचं दार त्यांनी आतून लावलं आणि त्याला पाठ लावून बसले.

तीनला मोर्चा आला. आम्ही तो ऐकला फक्त. घोषणा जवळ आल्या, भिंती थरथरल्या. बेबीनं "मला बघायचंय" म्हणून भोकाड पसरलं. मग घोषणांचा सूर एकदम फाटला. पळापळ. काहीतरी फुटल्याचा आवाज, दाराच्या फटीतून धूर, आणि त्यामागून ते कोरडे, सुटे आवाज, एक, मग दोन, मग मोजता न येणारे. हिनं बेबीला पलंगाखाली ढकललं. मी हिच्या आधीच तिथे होतो.

शांत झाल्यावर पलीकडच्या खोलीतून, दाराच्या फटीला डोळा लावून बसलेल्या दाजींचा आवाज आला. या वेळी त्याला काही वजन नव्हतं. "समोरच्या गॅलरीतला... अरे, त्याला खाली नेतायत रे."

त्या माणसाच्या खांद्याला लागलं होतं. पुढे तो वाचला असं कळलं. आमच्या गॅलरीच्या कठड्याची एक फळी मात्र गोळीनं मधोमध फुटली होती. बेबी ज्या जागी पाट ठेवून उभी राहायची, बरोब्बर तिथे.

संचारबंदी लागली. आमच्या खोलीत कुणी दिवा लावायलाही उठेना. मला राहवेना. "वामनराव," मी म्हणालो, "ती पट्टी माझ्या हातोडीनं फुटली. भारानं नाही."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"ठोका लागला की काच चांदणीसारखी फुटते. ताणानं एकच रेघ येते, सरळ." असं म्हणताना आपला विषय निघाल्याबद्दल त्यांना किंचित बरं वाटल्यासारखं दिसलं. मग ते गेलं. "काल मी ठाकूरद्वारच्या बाजूनं येत होतो. एक गृहस्थ गॅलरीत उभे होते. नुसते बघत होते हो, हातात चहाची बशी. मी खालून वर पाहत होतो. चिन्ह नाही, काही नाही. कुठूनशी गोळी. बशी खाली आली, मग ते." त्यांनी तळहात कोटाला पुसले. "इथे येऊन सांगितलं असतं, मला भीती वाटते, आत व्हा, तर कोण झालं असतं?"

कुणीच नाही. दाजींनी त्यांना बांगड्या भरल्या असत्या, आणि मी त्या धरून उभा राहिलो असतो.

"मग आता वहीचं काय?" मी विचारलं. "ती ओळ खोडून टाका."

"खोडली तर का खोडली ते शेजारी लिहावं लागतं. आणि ते लिहिलं की प्राध्यापक विचारणार, बाकीच्या तीनशे दिवसांचं काय?" ते अगदी साधेपणानं बोलत होते, एखाद्या विद्यार्थ्याला समजावावं तसे. "बरोबरच आहे त्यांचं. मीही विचारलं असतं." आणि ते उठले, कोट झटकला, मागच्या दाराकडे निघाले.

"कुठे निघालात, भावजी?" ही एकदम कडाडली.

"खोलीवर."

"तुमची खिडकी रस्त्यावर आहे ना? अजून आवाज येतायत ते ऐकू येत नाहीत? काही जायचं नाही. जिवाला घोर लावू नका आमच्या. तिथे एकटे असाल, काही झालं तर आम्हाला कळणार कसं?"

कर्णिक कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. तोंड थोडं उघडं. त्यांना काहीतरी विचारायचं असावं, पण कोणत्या शब्दांत विचारायचं ते सापडत नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसू लागले. तो पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"बसा म्हटलं ना," ही म्हणाली, आणि त्यांचंही तांदूळ मोजायला आत गेली.

ते बसले. पलंगावर, बेबीच्या शेजारी, अगदी मधल्या तुळईवर.