वाकण्याचा क्रम

माणसाने आयुष्यात काय केले याला फारसे महत्त्व नसते. ते संपल्यावर तो कितव्या क्रमांकाने पुढे आला, याला असते. हे तत्त्व जगात पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याची लेखी नियमावली करून ती भिंतीवर लावण्याचा मान आमच्या विभागीय संगीतिका मंडळीकडे जातो. (भिंतीला ओल असल्यामुळे नियम क्रमांक चार ते नऊ वाचता येत नसत. तेच सर्वांत कसोशीने पाळले जात.)

मी या मंडळीत अडतीस वर्षे पडदा ओढला. उजव्या विंगेत दोर, दोराशेजारी माझे स्टूल, स्टुलावर मी. तिथून नाटकाची एकच बाजू दिसते, माणसांच्या मात्र दोन्ही दिसतात.

ज्यांनी संगीतिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. या प्रकारात कोणी बोलत नाही, सगळे गातात. तहान लागलेला माणूस चार ओळी गाऊन पाणी मागतो, आणणारा सहा ओळींत पाणी आणल्याचे सांगतो. तोवर पहिला मेलेला असतो, आणि त्याबद्दल तो स्वतःच बारा मिनिटे गातो. प्रेक्षक हे सगळे गोड मानून घेतात, कारण शेवटी टाळ्या वाजवायला मिळतात. टाळ्यांच्या वेळी कलावंत एकेक करून पुढे येतात आणि कमरेत वाकतात. कार्यालयीन भाषेत याला अभिवादन म्हणत. आम्ही वाकणे म्हणत असू.

वाकण्याचा नियम सोपा आहे. जो जितका उशिरा येतो, तो तितका मोठा. आधी समूहातल्या चोवीस जणी एका रांगेत, मग किरकोळ भूमिका, मग बऱ्या, मग मोठ्या, आणि सर्वांत शेवटी सर्वांत मोठा. मी कामाला लागले त्या वर्षी संगीतिका दोन तास चाळीस मिनिटे चाले आणि वाकणे चार मिनिटे. पंधराव्या वर्षी वाकणे एकवीस मिनिटांवर गेले. तिसाव्या वर्षी एकेचाळीस. ही प्रगती कोणत्याही संस्थेला अभिमान वाटावी अशीच आहे.

अडचण एवढीच होती की सभागृहाला ठरल्या वेळी कुलूप लागे. म्हणजे वाकण्यात वाढलेले प्रत्येक मिनिट संगीतिकेतून काढावे लागे. पहिल्यांदा दुसऱ्या अंकातले वादळ गेले. त्याचे कोणाला वाईट वाटले नाही, फक्त पत्रा हलवून गडगडाट करणारा माणूस काही दिवस घुम्यासारखा हिंडत होता. मग नायकाची आई गेली. पूर्वी ती रंगमंचावर नऊ मिनिटे मरत असे. आता ती वारल्याचे पत्र येई. पण आईचे काम करणाऱ्या बाई जुन्या होत्या. त्यांची भूमिका काढली तरी त्यांचे वाकणे काढणे माणुसकीला धरून नव्हते. त्यामुळे त्या रोज घरून जेवून येत, तोंडाला रंग लावत आणि शेवटी येऊन वाकून जात. लोकांना वाटे या व्यवस्थापकसाहेबांच्या मातोश्री असाव्यात. त्यांना टाळ्या पूर्वीपेक्षा जास्त पडू लागल्या.

या सगळ्यात तिसऱ्या दासीचा कुठेही संबंध नव्हता. म्हणूनच पुढचे घडले.

तिसरी दासी एकतीस वर्षे तिसरी दासी होती. पहिल्या अंकात ती खांबामागून येई, "बाहेर कोणीतरी आले आहे" एवढे पाच सुरांत गाई, आणि परत जाई. हे गाताना तिच्या हातात एक फुलदाणी असे, आणि फुलदाणी नेमकी तिच्या तोंडाएवढ्या उंचीची होती. बाकी वेळ ती समूहात, राखाडी झगा आणि पांढरी टोपी, इतर तेवीस जणींसारखीच. तिच्या नातवाची अनेक वर्षे अशी समजूत होती की आजी नाटकात फुलदाणीचे काम करते. सुनेने ती दूर केली नाही, कारण तिलाही नक्की सांगता येत नव्हते.

तिचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत. अतिशय बारीक नजरेचे गृहस्थ, पण एका हाताच्या अंतरापुरते. दर हंगामाला ते एक दिवस कोट चढवून येत, बाराव्या रांगेत बसत, आणि घरी गेल्यावर म्हणत, "आज तुझं तोंड छान उघडत होतं. डावीकडून चौथी ना?" ही दुसरी होती. चौथी होती ती कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंची भाची. तिला गाता येत नसे, ती नुसते तोंड हलवी, म्हणून ते छान उघडे.

सुरुवातीची वर्षे हिने त्यांना दुरुस्त करून पाहिले. पुढे सोडून दिले. निवृत्तीला एक हंगाम उरला तेव्हा मात्र माझ्या स्टुलाशी येऊन म्हणाली, "ताई, मला मोठेपणा नको. एकदा एकटीनं वाकू द्या, म्हणजे ह्यांना कळेल त्यांची बायको कुठली ते."

मी म्हटले, अर्ज कर. तर आधीची सात वर्षे ती करतच होती. व्यवस्थापकसाहेबांचे उत्तरही दरवर्षी एकच येई: मागणी रास्त आहे, परंतु क्रमात बसत नाही. आठवा अर्जही तिने दिला, आणि तोही साहेबांच्या खणात गेला.

क्रमात खरोखरच जागा नव्हती, कारण शेवटच्या जागेवर आधीच तिघे उभे होते. नायिका म्हणे, मी तिसऱ्या अंकात दोनदा बेशुद्ध पडते, शेवट माझा. नायक म्हणे, ती पडते पण उचलतो मी. खलनायकाचे काम करणाऱ्या खर्जातल्या काकांचे म्हणणे सर्वांत मुद्देसूद होते. मी नसतो तर तुमचे दोघांचे पहिल्याच अंकात लग्न झाले असते आणि लोक साडेसहाला घरी गेले असते, असे ते म्हणत. (लोकांना हे विचारण्याची सूचना मी केली होती. ती इतिवृत्तात घेतली नाही.)

मग अभिवादन क्रम समिती नेमण्यात आली. समितीच्या सतरा बैठका झाल्या, पैकी अकरा सदस्यांनी कुठल्या क्रमाने बसावे यावर. स्टुलावरून उठता येत नसल्यामुळे चिटणीस मी.

समितीने कोणताही उपाय करून पाहायचा बाकी ठेवला नाही. तिघांनी हातात हात घालून यावे, असे ठरले. आले, पण आधी हात कोणी सोडायचा हे ठरले नव्हते. सात मिनिटांनी मला नाइलाजाने पडदा टाकावा लागला. नायकाचा एक पाय बाहेर राहिला आणि त्या पायाला स्वतंत्र टाळ्या पडल्या. त्यावर काकांची लेखी हरकत आली. मग अकारविल्हे क्रम ठरला, तर नायक आठवड्याच्या आत नवे नाव घेऊन आला. वयानुसार, लहान आधी आणि मोठे शेवटी, असे ठरले त्या दिवशी तिघेही सर्वांत आधी येऊन उभे राहिले. शेवटी एका टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. टोपी काकांची निघाली म्हणून त्या रद्द झाल्या.

सतराव्या बैठकीत समितीला सत्य गवसले. शेवटची जागा कोणाला द्यावी, हा प्रश्नच मुळात चुकीचा होता. ती कोणाला दिली तर बाकीच्यांना झोप लागेल, हा खरा प्रश्न. ठराव असा झाला: ज्या व्यक्तीचा तिघांपैकी कोणासही हेवा वाटत नाही, अशा व्यक्तीने अखेरचे अभिवादन करावे.

अशी व्यक्ती सापडणे सोपे नसते. वाद्यवृंदाच्या संचालकांचे नाव निघाले, तर नायिका म्हणाली की ते तिला मुद्दाम घाईने गायला लावतात. साहेबांनी स्वतःचे नाव विनयाने मागे घेतले आणि आग्रहाची वाट पाहिली. कोणी केला नाही. मग त्यांनी पेन शोधायला खण उघडला, आणि पेनाच्या वर तिसऱ्या दासीचे आठ अर्ज होते.

तिघांनी एका सुरात होकार दिला. मंडळीच्या इतिहासात हे तिघे एका सुरात आल्याची ही एकमेव नोंद आहे. कोणालाच तिचा हेवा नव्हता. दोघांना ती कोण हेच माहीत नव्हते, आणि तिसऱ्याला वाटत होते की फुलदाणी टेबलावर असते.

अशा रीतीने जी बाई रांगेत चोवीस जणींत वाकत होती, तिला एका ठरावाने सर्वांत मोठा मान मिळाला. हे केवळ समितीलाच जमते. गुणवत्तेने इतके अंतर एका बैठकीत कापल्याचे मी पाहिलेले नाही.

तिला सांगितले तेव्हा तिने अंगावरच्या झग्याकडे पाहिले. मग म्हणाली, "झगा तोच घालू की दुसरा?" तोच घाल, म्हटले. दुसरा घातलास तर तुझे यजमान आणखी कोणाकडे तरी बघत बसतील.

मग तालीम सुरू झाली. तिचे वाकणे पडलेली सुई शोधणाऱ्या माणसासारखे होते. नायिकेने सांगितले, खाली गेल्यावर तीन आकडे मोज आणि गमावलेलं माणूस आठव. नायक म्हणाला, काही आठवू नका, चेहरा बिघडतो. काका म्हणाले, शेवटच्या रांगेकडे अशी बघ जणू त्यांनी तुझी खुर्ची पळवली आहे. तिने तिघांचा मान राखून तिन्ही एकदम करून पाहिले. मी दोर सोडून तिच्या पाठीला हात लावला आणि म्हटले, घरी कोणाला वाढतेस तेव्हा वाकतेस, तेवढंच वाक.

हंगामाचा शेवटचा प्रयोग आला. यजमानांना तिने बजावले होते की सर्वांत शेवटी येईन, जागचे हलू नका. ते बाराव्या रांगेत येऊन बसले, घड्याळ काढून मांडीवर ठेवले.

संगीतिका चांगली झाली. "बाहेर कोणीतरी आले आहे" हे तिने पाचही सुरांत नीट गायले. शेवटी नायिका दुसऱ्यांदा बेशुद्ध पडली, मी पडदा टाकला आणि वाकायला सुरुवात झाली. पडद्याच्या फटीतून मी माणसे मोजत होते. समितीला आकडे लागत.

समूह वाकला तेव्हा सभागृहात चारशे बारा माणसे होती. किरकोळ भूमिकांपर्यंत तीनशे साठ. वारलेल्या आईंना दोनशे नव्वद. संचालक वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून जिना चढून येईतो, गुडघ्यामुळे, दोनशे. काकांना एकशे तीस. नायकाला सत्तर. नायिका आली तेव्हा चव्वेचाळीस, पैकी वीस जण खुर्च्यांखाली छत्री नाहीतर चष्मा शोधत होते. (जाण्यासाठी उठलेला माणूसही आमच्या अहवालात 'उभे राहून दाद देणारा' म्हणून धरला जाई. त्यामुळे आमच्या मंडळीला दरवर्षी उभ्याने मिळालेली दाद शंभर टक्के असे.)

मग तिची पाळी आली. फटीतून पाहिले आणि माझा हात दोरावर थांबला. ती मागे उभी राहून टोपी सारखी करीत होती.

"गर्दी आहे का हो, ताई?" तिने विचारले.

मी म्हटले, "ज्यांना यायचं होतं ते आलेत."

पडदा वर गेला. सभागृहात दोन माणसे होती. एक पहारेकरी, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन. आणि पहिल्या रांगेत, मधोमध, घड्याळवाले. चारशे खुर्च्या रिकाम्या झाल्यावर ते सावकाश पुढे येऊन बसले होते.

ती पुढे आली, वाढायला वाकावे तशी वाकली, तीन आकड्यांऐवजी बहुधा दहा मोजले, आणि उभी राहिली. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"अगं, तू ती होय?" ते म्हणाले.

"मग कोण असणार?"

"मग ती दुसरी कोण?"

"घरी चला, सांगते."

ते उठून टाळ्या वाजवू लागले. पहारेकऱ्याच्या हातात किल्ल्या होत्या, त्याने त्याच वाजवल्या. मी पडदा टाकायला चार मिनिटे घेतली. नियमात दहा सेकंद होते, पण तो नियम ओलीत गेला होता.

इतिवृत्तात मी लिहिले: अखेरचे अभिवादन शांततेत पार पडले. उपस्थिती दोन. उभे राहून दाद, शंभर टक्के. हे वाचल्यावर तिघांच्या प्रथमच लक्षात आले की शेवटच्या जागेवर समोर कोणी नसते. पुढच्या हंगामाला तिघांचेही अर्ज आले, पहिल्या जागेसाठी. समितीने प्रगतीच्या वाटेवर आणखी एक पाऊल टाकले आणि वाकणे संगीतिकेच्या आधी ठेवले. आता आधी एकेचाळीस मिनिटे कलावंत वाकतात आणि मग गातात. हे कळल्यापासून लोक एकेचाळीस मिनिटे उशिरा येतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही तसले नाही, आम्ही शेवटपर्यंत थांबतो. म्हणत असाल. मी अडतीस वर्षे फटीतून पाहिले आहे. पडदा पडला रे पडला की तुमची पाठ दिसते, त्यामुळे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. उद्या रस्त्यात भेटलात आणि मी ओळख दिली नाही, तर राग मानू नका. जरा वळून चालू लागा, लगेच ओळखीन.