केळ्यांच्या घडाचा पंचनामा

"आमच्या रिद्धीने तलाठ्याची नोकरी स्वतःच्या मार्कांवर मिळवली! एकाही पुढाऱ्याच्या दारात चप्पल काढली नाही!" गिरीज गावच्या मनोरमाबाई भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवत होत्या.

शेजारची चंद्रकांता हसून म्हणाली, "ते झालंच हो काकी, पण धरलंत कोणाला?"

मनोरमाबाईंचा असा भडका उडाला, की त्यावर चार भाकऱ्या सहज भाजून निघाल्या असत्या! बावन्न वर्षांपूर्वी त्यांचे यजमान शांताराम कारकुनाच्या परीक्षेत पहिले आले, आणि नेमणूक झाली साहेबाच्या मेहुण्याची! ती आग अजून विझली नव्हती.

कागदपत्रं तपासायच्या दिवशी त्या नातीबरोबर पालघरच्या कचेरीत गेल्या. कोणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही वाडीची रीत. म्हणून सोबत पिकल्या केळ्यांचा घड! रिद्धी रांगेत होती तेवढ्यात आजीने तो थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब नाग बघितल्यासारखे उडाले! "हे काय?"

"रिद्धीची आजी मी. घरची केळी आहेत, गोड मानून घ्या."

"आजी, ही लाच झाली! आता पंचनामा होणार, आणि नातीची निवड थांबणार!"

"लाच? अहो, वशिल्याने माझ्या नवऱ्याची नोकरी खाल्ली! मी लाच देईन? आणि एका घडात तलाठी होतो होय?"

साहेब कागद आणायला आत गेले. मनोरमाबाईंनी तणतणत घड बाहेर नेला. "घ्या रे सगळ्यांनी! एकट्या साहेबांना दिला, असं कोणी म्हणायला नको!"

पहाटेपासून उपाशी उभी असलेली मुलं तुटून पडली. साहेब परतले तेव्हा उरला होता नुसता दांडा, आणि हर्षवर्धनच्या हातातलं एक केळं. हा प्रतीक्षा यादीतला पहिला. रिद्धी गेली, की नोकरी त्याचीच!

"तो पुरावा आहे. इकडे दे," साहेब म्हणाले.

हर्षवर्धनने केळं सोललं आणि दोन घासांत संपवलं. "नोकरी मार्कांवर मिळाली तर हवी, साहेब. केळ्यावर नको."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि रिद्धीच्या कागदांवर शिक्का मारला.

मनोरमाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हर्षवर्धनच्या पाठीवरून हात फिरवला. "किती गुणी रे तू, बाळा! थांब हं, साहेब आता ओळखीचे झालेत. तुझ्यासाठी एक शब्द टाकते!"

"आजी!" रिद्धीने तिला दंडाला धरून थेट रिक्षात कोंबलं.